1948 अधिक 80, आणि दिंडोरीची बाग

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकरोडच्या एका ताईंच्या सासरची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यांचे यजमान आणि थोरले दीर यांची सामाईक. बाग जुनी झाली, उतारा घटला, म्हणून ती काढून नवी लावायचं ठरलं होतं. सोसायटीच्या कर्जाचं बोलणंही झालं होतं. मध्यंतरी दिरांच्या घरी प्रार्थनासभा झाली, तिला बाहेरगावचे एक ब्रदर आले होते. त्यांनी फळ्यावर 1948 लिहिलं, त्यात 80 मिळवले, 2028 हे प्रभू येशूच्या पुन्हा येण्याचं साल काढलं, आणि बायबलच्या दानीएल पुस्तकातल्या सत्तर सप्तकांनी ते पक्कं करून दाखवलं. तेव्हापासून दीर म्हणतात, नवी बाग धरायची कशाला, पीक हाती येईस्तोवर प्रभू आलेला असेल. ताईंनी विचारलंय, हा हिशेब शास्त्राला धरून आहे का? नसेल तर दिरांना, त्यांचा विश्वास न दुखावता, काय सांगायचं?

ताई, हिशेब शास्त्राला धरून नाही. पण एवढं सांगून दिरांचं समाधान होणार नाही, कारण त्यांनी फळ्यावर आकडे बघितले आहेत आणि आकड्यांचा माणसावर वचक बसतो. म्हणून मीही आकड्यांनीच बोलतो. बरीच वर्षं मंडळ्यांमध्ये दानीएल आणि प्रकटीकरण ही बायबलमधली भविष्यवाणीची पुस्तकं शिकवत आलोय, त्यात असे फळे पुष्कळ बघितले. प्रत्येक फळ्यावर विचारायचे प्रश्न तेच असतात. मोजायला सुरुवात कुठून केली? एक माप किती दिवसांचं धरलं? आणि या दोन गोष्टी वचनात दिल्या आहेत, की मोजणाऱ्याने पदरच्या घातल्या?

आधी 1948 बघू. 14 मे 1948 ला इस्राएल राष्ट्र जाहीर झालं, हा इतिहास आहे, त्यावर वाद नाही. मत्तय 24 मध्ये प्रभू अंजिराच्या झाडाचा दाखला देतो, डहाळी कोवळी झाली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हाला कळतं, आणि पुढे म्हणतो, हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. ब्रदरांनी अंजीर म्हणजे इस्राएल असं धरलं, पालवी म्हणजे 1948, आणि पिढी म्हणजे 80 वर्षं. आता लूक 21 उघडा. तिथे तोच दाखला आहे, पण प्रभू म्हणतो, अंजिराचं झाड आणि इतर सगळी झाडं पाहा. अंजीर इस्राएल असेल तर बाकीची झाडं कोणती राष्ट्रं? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

80 कुठून आले? स्तोत्र 90 मधून, जिथे माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी, असं म्हटलंय. ते आयुष्याबद्दल आहे, पिढीबद्दल नाही. पण या आकड्याची खरी गोष्ट निराळी आहे. सुरुवातीला पिढी 40 वर्षांची धरत होते, कारण अरण्यात भटकलेली पिढी 40 वर्षांत संपली. 1948 आणि 40 म्हणजे 1988. त्या वर्षी नासात काम केलेल्या एडगर विझनंट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 11 ते 13 सप्टेंबर हे दिवस काढले आणि त्याच्या पुस्तिकेच्या लाखो प्रती खपल्या. सप्टेंबर गेला, काही झालं नाही. मग कोणी सुरुवात 1967 पासून केली, कारण त्या वर्षीच्या जूनमध्ये जुनं यरुशलेम शहर इस्राएलच्या ताब्यात आलं. 1967 आणि 40 म्हणजे 2007. तेही गेलं. मग पिढी 70 ची झाली, म्हणजे 2018. आता 80 ची आहे. उत्पत्ती 15 वरून 100 वर्षांचीही धरता येते, तिचे 2048 येतात. उत्पत्ती 6 मधले 120 घेतले तर 2068. तारीख टळली की पिढी लांबते, असा हा प्रकार आहे.

दिरांना आणखी एक विचारा. त्याच ब्रदरांनी हेही शिकवलं असणार की विश्वासणारे उचलले जातील, मग सात वर्षांचं मोठं संकट येईल, आणि त्यानंतर प्रभू राज्य करायला येईल. तसं असेल तर 2028 मधून 7 वजा करायला हवेत. 2021 येतं. 2021 साली आपण सगळे इथेच होतो, कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत फिरत होतो. म्हणजे ब्रदरांचा हिशेब त्यांच्याच शिकवणुकीत बसत नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही असं लिहिलंय, पण वर्ष कळणार नाही असं कुठे लिहिलंय? ही पळवाट जुनी आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शिष्य प्रभूला थेट विचारतात, आताच राज्य परत देणार का? तो सांगतो की पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवलेले काळ आणि समय जाणणं तुमचं काम नाही. काळ आणि समय म्हटल्यावर वर्षही त्यात आलं, दशकही आलं. आणि मार्क 13 मध्ये तो स्वतः पुत्रालाही हे ठाऊक नाही म्हणतो. पुत्राला न सांगितलेलं फळ्यावर खडूने काढणाऱ्याबद्दल मी अधिक काही बोलत नाही.

आता दानीएल 9. इथे जरा थांबायला हवं, कारण दिरांच्या मनावर खरी छाप याचीच पडली असणार. वचन 24 ते 27 मध्ये देवदूत गब्रीएल दानीएलाला सांगतो, तुझ्या लोकांसाठी सत्तर सप्तकं ठरलेली आहेत. सप्तक म्हणजे सात वर्षं, हे बहुतेक सगळे मानतात, म्हणजे एकूण 490 वर्षं. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा झाल्यापासून अभिषिक्तापर्यंत, म्हणजे ख्रिस्तापर्यंत, सात आणि बासष्ट सप्तकं, म्हणजे 69 गुणिले 7, 483 वर्षं. शेवटचं एक सप्तक उरतं.

आज्ञा कधी झाली? इथेच पहिला सांधा आहे. कोरेश राजाने इ.स.पूर्व 538 च्या सुमारास यहूद्यांना बाबेलच्या बंदिवासातून परत जायची परवानगी दिली. अर्तहशश्त राजाने सातव्या वर्षी, म्हणजे 457 मध्ये, एज्राला पत्र दिलं, पण त्यात मंदिर आणि नियमशास्त्र यांचा विषय आहे, शहराच्या तटाचा नाही. त्याच राजाने विसाव्या वर्षी, 445 किंवा 444 मध्ये, नहेम्याला लाकडासाठी पत्रं दिली. आणि काही अभ्यासक म्हणतात, आज्ञा म्हणजे यिर्मया संदेष्ट्याला मिळालेलं देवाचं वचन, यरुशलेम पडलं त्या 587 च्या सुमाराचं. कोरेशपासून 483 वर्षं मोजली तर इ.स.पूर्व 55 येतं, तिथे अभिषिक्त कोणी सापडत नाही. 457 पासून मोजली तर इसवी सन 27 येतं (शून्य साल नसतं, हे ध्यानात ठेवा), आणि येशूच्या बाप्तिस्म्याशी ते छान जुळतं. 445 पासून मोजली तर 39 येतं, म्हणजे वधस्तंभाच्या पुढे निघून जातं.

445 वाल्यांनी मग काय केलं? रॉबर्ट अँडरसन हा स्कॉटलंड यार्डचा मोठा अधिकारी, बायबलचाही अभ्यासू. त्याने एकोणिसाव्या शतकात तोडगा काढला की भविष्यवाणीचं वर्ष 360 दिवसांचं असतं. आधार काय, तर प्रकटीकरणात 42 महिने आणि 1260 दिवस एकाच काळाला म्हटलेत, आणि नोहाच्या गोष्टीत पाच महिन्यांचे 150 दिवस दिलेत. दोन्ही खरं आहे. मग 483 गुणिले 360 बरोबर 1,73,880 दिवस. अँडरसनने इ.स.पूर्व 445 च्या 14 मार्चपासून ते मोजले आणि इसवी सन 32 च्या 6 एप्रिलवर, झावळ्यांच्या रविवारावर, म्हणजे येशू यरुशलेमात आला त्या दिवसावर, नेमके आणून टेकवले. फळ्यावर हे बघितलं की अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. मोबाईलवर गुणाकार करून बघा, बरोबर येतो.

पण नहेम्या 2 उघडून बघा. तिथे राजाचं विसावं वर्ष आणि नीसान हा यहूदी महिना एवढंच दिलंय, तिथी दिलेली नाही. नीसानचा पहिला दिवस हा अँडरसनने धरला. शिवाय बहुतेक अभ्यासक वधस्तंभाचं साल 30 किंवा 33 मानतात, 32 मानणारे थोडे. म्हणून पुढे हॅरोल्ड होनर या अमेरिकन प्राध्यापकाने सुरुवात 444 च्या 5 मार्चवर नेली आणि शेवट 33 च्या 30 मार्चवर. दोघेही म्हणतात, आपला दिवस अचूक. दोन वेगळ्या दिवसांपासून निघून दोन वेगळ्या वर्षी पोचणारे दोन्ही हिशेब अचूक कसे असतील, हे दिरांनाच ठरवू द्या.

आणि 360 दिवसांच्या वर्षाचं खरं दुखणं आपल्या मराठी माणसाला चटकन कळायला हवं, कारण ते आपल्या पंचांगातलंच आहे. यहूदी महिने चंद्राचे, सण मात्र ऋतूंचे. वल्हांडण हा त्यांचा सण वसंतातच यायला हवा. म्हणून ते अधूनमधून तेरावा महिना घालतात, 19 वर्षांत 7 वेळा, अगदी आपल्या अधिक मासासारखा. 2023 ला अधिक श्रावण आला होता, आठवत असेल. आता 360 दिवसांची 483 वर्षं एकामागून एक, अधिक मास न घालता मोजली तर दर वर्षाला सव्वापाच दिवस मागे पडतात आणि शेवटी जवळजवळ सात वर्षांचा फरक पडतो. मधल्या काळात वल्हांडण सगळ्या ऋतूंमधून फिरून आला असता, कधी सुगीत, कधी ऐन थंडीत. कुठल्याही यहूद्याने असं कॅलेंडर पाच शतकं वापरलेलं नाही. प्रकटीकरणातले 42 महिने हे साडेतीन वर्षांसाठीचा गोल आकडा आहेत. तो मागे नेऊन पाच शतकांवर ताणणं, हे काम वचनाचं नाही, मोजणाऱ्याचं.

माझं मत विचाराल तर 490 हा आकडाच बोलका आहे. सत्तर गुणिले सात. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, सात सप्तकांनंतर योबेल वर्ष, गुलाम मोकळे, जमीन मूळ धन्याकडे परत, असा लेवीय 25 चा नियम. 490 म्हणजे अशी दहा योबेल चक्रं, पूर्ण सुटका. 2 इतिहास 36 मध्ये बंदिवासाच्या सत्तर वर्षांचा संबंध जमिनीच्या न पाळलेल्या शब्बाथांशी, म्हणजे विसाव्याच्या वर्षांशी, जोडलाच आहे. दानीएलाच्या पहिल्या वाचकाला हे लगेच उमगलं असेल, त्याला गणकयंत्र लागलं नसतं. 457 वाला हिशेब त्यातल्या त्यात सरळ आहे, हेही मी कबूल करतो. पण त्यावर कोणाचं तारण अवलंबून नाही.

खरं सांगायचं तर दानीएलाबद्दलचा हा सगळा वाद 2028 ला लागूच होत नाही. ब्रदर ज्या पद्धतीने शिकवतात तीत 69 सप्तकं ख्रिस्तापाशी संपली, मग घड्याळ थांबलं, आणि सत्तरावं सप्तक शेवटच्या काळात सुरू होणार. हा विचार एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने पसरवला आणि 1909 साली निघालेल्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून तो जगभर घरोघर पोचला, आपल्या मंडळ्यांतही आला. तो मानणारे पुष्कळ प्रामाणिक लोक आहेत. पण मधला खंड किती वर्षांचा, हे दानीएलाने सांगितलेलं नाही, डार्बीनेही नाही. ज्या मोजपट्टीचा मधला तुकडा किती लांबीचा हेच माहीत नाही, तिने 2028 मोजता येईल कसं? सगळं 2028 हे 1948 आणि 80 मधूनच आलंय. दानीएलाचं नाव फक्त वजन वाढवायला घेतलंय.

(विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाचंही असंच. दानीएल 8 मधल्या 2300 संध्याकाळ-सकाळींची त्याने 2300 वर्षं केली, 457 पासून मोजली, प्रभूच्या येण्याचं साल 1843-44 काढलं. पुढे त्याच्या अनुयायांनी प्रायश्चित्ताच्या दिवसावरून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. अमेरिकेत काही शेतकऱ्यांनी त्या साली पीक काढलंच नाही. दिरांना हे जरूर सांगा.)

मग भविष्यवाणीतला काळ वाचायचा कसा? यासाठी मी दिरांना मत्तय 24 वाचून दाखवणार नाही, यिर्मया 28, 29 आणि 32 वाचून दाखवेन. बायबलमध्ये वर्षांचा आकडा स्पष्ट देऊन केलेलं आणि मग खरोखर पूर्ण झालेलं जे ठळक भाकीत आहे, ते इथे आहे.

लोकांची पहिली टोळी बाबेलला नेलेली आहे. मंदिरात हनानिया नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिराची भांडीसुद्धा. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, ते काढून तो मोडून टाकतो. लोकांना बरं वाटलं असणार. त्याच वर्षी, सातव्या महिन्यात, हनानिया मेला. आणि यिर्मया बाबेलातल्या लोकांना पत्र पाठवतो, सत्तर वर्षं लागतील. ऐकणाऱ्यातले बहुतेक तोवर जिवंत राहणार नव्हते. पत्रात तो त्यांना काय करायला सांगतो? घरं बांधा, बागा लावा आणि त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं हित पाहा. जवळची तारीख देणारा खोटा ठरला, लांबची देणाऱ्याने बागा लावायला सांगितल्या. नाशिकच्या बागाईतदाराला याहून वेगळं काय सांगू?

आणि ते सत्तरही घड्याळी सत्तर नव्हते. 605 पासून 538 पर्यंत मोजले तर 67 भरतात. मंदिर पडल्यापासून नवं मंदिर उभं राहीपर्यंत, 587 ते 516, मोजले तर 71 येतात. ज्यांच्या डोळ्यांदेखत ते पूर्ण झालं त्यांनी वर्षांवरून भांडण केल्याचं कुठे दिसत नाही.

अध्याय 32 तर दिरांनी स्वतः मोठ्याने वाचावा. बाबेलच्या फौजेने शहराला वेढा दिलाय. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, शहर पडणार हे त्यानेच सांगितलंय. अशात चुलतभाऊ हानामेल येतो, अनाथोथचं शेत घे म्हणतो. शत्रूच्या ताब्यात जाणारं शेत! यिर्मया 17 शेकेल चांदी ताजव्यात तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखक बारूख याला सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकतील. कारण देव म्हणतो, या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील. ज्याला शेवट सगळ्यात स्पष्ट दिसत होता तो माणूस सात-बारा करून घेत होता.

मी प्रभूच्या येण्यावर विश्वास ठेवत नाही, असा अर्थ दिरांनी काढू नये. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल, हे मी दर उपासनेत मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो आणि मनापासून म्हणतो. मत्तय 24 चा पुष्कळसा भाग इसवी सन 70 मध्ये रोमन सेनापती तीताने मंदिर जाळलं तेव्हा पुरा झाला, असं मला वाटतं; यहूदियातल्यांनी डोंगरांकडे पळावं, पळणं शब्बाथाला येऊ नये, या सूचना त्या गावांतल्या लोकांसाठी होत्या. प्रभूने ते सांगितल्यापासून 70 पर्यंत साधारण 40 वर्षं होतात, आणि ही पिढी हे शब्दही मग ओढाताण न करता बसतात. त्याचं शेवटचं येणं मात्र पुढे आहे. कधी, ते सांगितलेलं नाही.

दिरांशी बोलताना वाद फळ्याचा ठेवा, विश्वासाचा करू नका. तुम्ही जास्त घाई करता, असं म्हटलंत तर ते दुखावतील. वाट बघणं चांगलंच आहे, प्रेषित पौलाने ज्यांना पत्रं लिहिली ते थेस्सलनीकाकरही वाट बघत होते. त्यांच्यात कोणी प्रभूचा दिवस आलाच आहे अशी हूल उठवली, तेव्हा पौलाने दुसऱ्या पत्रात खोडून काढलं, आणि त्याच पत्राच्या शेवटी काम न करता फिरणाऱ्यांना फटकारलं, काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. भाष्यकार या दोन गोष्टी जोडतात. पत्रात ते उघड जोडलेलं नाही, तेव्हा तुम्हीही ते दिरांवर फेकू नका. मिशनरी नाशिकच्या शरणपूरला आले ते 1850 च्या दशकात, मिलरच्या तारखेला जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती. प्रभू येणार हे तेही मानत होते, आणि गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवत होते. शरणपूर रोडने जाता-येता हे दिरांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. ब्रदर पुन्हा येणार असतील तर त्यांना आधी कळवून पाळकसाहेबांनाही बोलवा, आणि सभेत एवढंच विचारा, 2029 उजाडलं तर तुम्ही काय शिकवाल? उत्तर तयार असेल तर समजा, त्यांचाही 2028 वर पुरता भरवसा नाही. उत्तर नसेल तर दिरांनी आपलं कर्ज आणि बाग त्यांच्या शब्दावर टांगू नये.

नवी बाग लावावी की नाही, ते मात्र मला विचारू नका. पाणी किती पुरतंय, छाटणीला मजूर मिळतात का, निर्यातीचा भाव काय चाललाय, हप्ता झेपेल का, यावरून दोघा भावांनी ठरवावं. त्यातलं काही पटलं नाही म्हणून बाग नाही लावली तर काहीच बिघडत नाही.